'पान लागलं' हे यंत्राला कसं कळणार?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या बाहेर पडतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी कर्नाटकात. पुढचे चार-पाच महिने मुक्काम फडाजवळच्या कोपीत, आणि दुखणी-खुपणीही तिथेच. बेळगावात मराठी समजणारे डॉक्टर पुष्कळ भेटतात. बागलकोट, विजयपूरकडे गेले की दवाखान्यात समोरून कन्नड येते आणि रुग्णाकडे असते ती माजलगाव नाहीतर पाटोद्याची मराठी.

अशा वेळी दुभाष्याचे काम बहुधा मुकादम करतो. ज्याच्याकडून उचल घेतली, त्याच्याच तोंडून एखाद्या बाईने अंगावरून पांढरे जाते हे डॉक्टरांना कसे सांगायचे? ती सांगत नाही. दुखणे फडावरच राहते. म्हणूनच हातातले भाषांतर यंत्र, म्हणजे आता बहुतेकांच्या खिशातला मोबाईलच, ही काही शहरी चैन नव्हे. एका बाजूने मराठीत बोलावे, दुसऱ्या बाजूने कन्नड ऐकू यावे, मध्ये तिसरा माणूस नको. ही सोय खरोखर मोठी आहे.

यंत्र तीन कामे करते. आधी आवाजाची अक्षरे, मग वाक्याचे भाषांतर, शेवटी ते मोठ्याने बोलणे. पहिल्याच पायरीवर ऐकण्यात चूक झाली, तर पुढची दोन्ही कामे ते चोख करते, फक्त चुकीच्या वाक्यावर. ओपीडीतला गोंगाट आणि ग्रामीण हेल या दोन्हींशी त्याचे फारसे जमत नाही. शिवाय अनेक यंत्रणा मराठीतून थेट कन्नडमध्ये जात नाहीत, मध्ये इंग्रजीचा थांबा घेतात.

खरी अडचण मात्र आपल्या बोलण्यातच आहे. मराठवाड्यातला माणूस दुखणे सरळ नावाने क्वचित सांगतो. 'दिवस गेलेत' म्हणजे गरोदर आहे. 'उन्हाळी लागली' म्हणजे लघवीला जळजळ. 'अंगावरून वारं गेलं' म्हणजे पक्षाघात. 'अंगावरून जातं' म्हणजे भलतेच. 'पिशवी काढली' म्हणजे गर्भाशय काढले, आणि हे वाक्य बीडमध्ये दुर्मीळ नाही. 2019 साली सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड महिलांपैकी 13 हजारांवर जणींचे गर्भाशय काढलेले आढळले होते. 'कधीपासून ताप?' याला 'परवा' एवढेच उत्तर दिले, तर होऊन गेलेला परवा की यायचा, हे यंत्राने ठरवायचे कसे?

सगळ्यांत धोक्याचा शब्द 'पान'. सापाचे नाव घ्यायचे नाही म्हणून 'पान लागलं' म्हणतात. शब्दाला शब्द ठेवून त्याचे भाषांतर झाले, तर डॉक्टरांपुढे झाडाचे पान येईल. कोपीत जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री मण्यार चावते तेव्हा वेदना नसल्यातच जमा, खूणही धड दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. साप चावल्याचा संशय डॉक्टरांच्या मनात आलाच नाही, तर कपाटात प्रतिविष असूनही ते दिले जात नाही. जखम बोलत नाही, म्हणून शब्दानेच बोलायला हवे.

डिसेंबर 2014 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक पाहणी आली होती. दवाखान्यातली नेहमीची दहा वाक्ये गूगल ट्रान्सलेटमधून 26 भाषांत नेऊन तपासली. एकूण 57.7 टक्के भाषांतरे बरोबर निघाली. मराठीही त्यात होती. पतीचे हृदय बंद पडले, या अर्थाचे इंग्रजी वाक्य मराठीत हृदयाच्या कैदेसारखे काहीतरी होऊन आले. स्वाहिलीत तर 'बाळाला झटके येताहेत' याचे 'बाळ दगावले' झाले. 2017 मध्ये मराठी आणि कन्नडला गूगलचे नवे तंत्र मिळाले, तेव्हापासून सुधारणा पुष्कळ आहे. सुधारणेचा एक तोटाही आहे. पूर्वीचे चुकीचे वाक्य वेडेवाकडे असे, लगेच खटकायचे. आताचे चुकीचे वाक्यही शुद्ध आणि ठसठशीत असते.

जिल्ह्याबाहेर जायचीही गरज नाही. बीडमधल्या तांड्यावरची आजी गोरबोली बोलते. गूगलने जून 2024 मध्ये एकदम 110 भाषा वाढवल्या. त्यांत मारवाडी, तुळू, संथाळी आल्या, बंजाऱ्यांची बोली आली नाही. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांतही ती नाही. 'आजी, कुठं दुखतंय?' असे विचारल्यावर उत्तर देते ती सोबत आलेली नात. आजीच्या पाळीचे, लघवीचे प्रश्न शाळकरी पोरीने विचारायचे, हे दोघींनाही अवघड.

यंत्र वापरायचेच असेल, तर वाक्य तोकडे आणि साधे हवे. 'पान लागलं' नको, 'साप चावला' म्हणावे. 'दिवस गेलेत' नको, 'पोटात बाळ आहे, पाचवा महिना' म्हणावे. दुखते तिथे बोट ठेवावे. आलेले कन्नड वाक्य पुन्हा मराठीत फिरवून पाहावे. तेच परत आले नाही, तर शब्द बदलून पुन्हा बोलावे. गोळी 'दीड' की 'अडीच' हे यंत्रावर न सोडता डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या संमतीला मात्र यंत्र चालणार नाही. तिथे दोन्ही भाषा येणारा माणूसच हवा, फोनवरून का होईना, आणि तो मुकादम नसावा.

टोळी निघण्याआधी जुन्या चिठ्ठ्या, बीपी-साखरेच्या गोळ्यांची पाकिटे आणि गरोदर बाईचे कार्ड एका पिशवीत बांधून घ्यावे. छापील औषधाचे नाव कन्नड डॉक्टरही वाचू शकतात. फडात मोबाईलला रेंज नसेल, बॅटरी संपली असेल, तरी दोन शब्द तोंडपाठ असावेत: 'हावु कच्चिदे'. कन्नडमध्ये याचा अर्थ, साप चावला. रुग्णवाहिकेचा क्रमांक दोन्ही राज्यांत एकच आहे, 108.