अनोळखी भाषेच्या शहरात अडचणीची वेळ

आपल्या समाजातील तरुण व्यापारी आज मुंबई-सुरतेला जावे तितक्या सहजतेने चीनच्या वाऱ्या करीत आहेत. ग्वांगझू, म्हणजे जुने कँटन, येथे 1957 पासून भरणारे व्यापारप्रदर्शन दरवर्षी एप्रिल आणि ऑक्टोबर महिन्यांत असते. झेजियांग प्रांतातील यीवूची बाजारपेठ तर किरकोळ वस्तूंच्या व्यापाऱ्यांना आता पाठ झाली आहे. निघताना नमुने, भावपत्रके, खाकरे, सुका मेवा यांची तयारी कसोशीने होते. अडचणीची वेळ आली तर काय करावे, याची तयारी मात्र क्वचितच होते. आमच्या कुटुंबाला याचा धडा एका ऑक्टोबरमध्ये मिळाला.

रात्री साडेअकराला पुतण्याचा फोन आला. चीनचे घड्याळ आपल्यापुढे अडीच तास असते, म्हणजे तेथे पहाटेचे दोन वाजले होते. “काका, शेठजी मला ओळखत नाहीत. घामाने भिजलेत, काहीतरी असंबद्ध बोलतायत. हार्ट अटॅक असेल का?” शेठजी म्हणजे त्याचे भागीदार; वय अठ्ठावन्न, पंधरा वर्षांचा मधुमेह, आणि चौविहाराचे कडक पालन. सुदैवाने त्यांचे घर आमच्याच सोसायटीत. मी त्यांच्या पत्नीला उठवून फोनवर घेतले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “संध्याकाळी जेवले होते का?”

जेवले नव्हते. प्रदर्शनाची दालने सायंकाळी सहाला बंद होतात आणि ऑक्टोबरमध्ये ग्वांगझूचा सूर्यास्तही त्याच सुमारास होतो. शेवटपर्यंत थांबलेल्या शेठजींची जेवणाची वेळ टळून गेली होती. व्रत त्यांनी मोडले नाही. पण मधुमेहाची सायंकाळची गोळी सवयीने, सूर्यास्ताच्या आत, घेऊन टाकली होती. रक्तातील साखर घसरत गेली.

पुढे जे घडले त्यात पुतण्याच्या हुशारीपेक्षा हॉटेलच्या काउंटरवरील मुलीचा चांगुलपणा अधिक होता. तिने चिनी भाषेत रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टरांनी बोटातून रक्त तपासले, शिरेतून ग्लुकोज दिले आणि तासाभरात शेठजी भानावर आले. रुग्णालयात तपासण्यांचे पैसे आधी भरावे लागत होते. खिडकीवर पुतण्याचे फॉरेक्स कार्ड चालेना आणि मोबाइलवर पैसे भरण्याची सोय त्याने केलेली नव्हती. त्याच मुलीने स्वतःच्या मोबाइलवरून रक्कम भरली. सकाळी पुतण्याने ती रोखीने परत केली.

अशी माणसे भेटतीलच असे गृहीत धरून प्रवास करता येत नाही. म्हणून काही गोष्टी येथे क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट दूरध्वनी क्रमांकांची. चीनच्या मुख्य भूमीवर पोलिसांसाठी 110, आगीसाठी 119, रुग्णवाहिकेसाठी 120 आणि रस्त्यावरील अपघातासाठी 122 हे क्रमांक आहेत. हाँगकाँगमध्ये तिन्ही सेवांसाठी 999 आहे. तैपेईमध्ये पोलिसांसाठी 110, तर आग आणि रुग्णवाहिका या दोन्हींसाठी 119. फोन शक्यतो चिनी बोलणाऱ्या माणसाकडून करवावा. त्यासाठी हॉटेलचे चिनी लिपीतील नाव-पत्ता असलेले कार्ड प्रत्येकाच्या खिशात हवे. इंग्रजी पत्ता टॅक्सीवाल्याला बहुधा वाचता येत नाही.

दुसरी गोष्ट संपर्काची. हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सअॅप आणि गूगलच्या सेवा चालत नाहीत. भारतीय सिमचे आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असेल तर त्या चालतात. त्या रात्री घरी फोन लागला तो त्यामुळेच. भाषांतराचे अॅप इंटरनेटविना चालेल अशा प्रकारे चिनी भाषेसह येथूनच उतरवून न्यावे.

तिसरी गोष्ट पैशांची. तेथे भाजीवालाही मोबाइलवर पैसे घेतो. अलिपे आणि वीचॅट या दोन्हींना आता परदेशी कार्ड जोडता येते, पण ती जोडणी निघण्यापूर्वी करून पडताळून पाहावी. बँकेचा ओटीपी भारतीय क्रमांकावर येतो, हे ध्यानात ठेवावे. शिवाय थोडे युआन रोख जवळ असावेत. रुग्णालयातून निघताना निदानाचा कागद आणि पैशांची अधिकृत पावती, जिला तेथे ‘फापियाव’ म्हणतात, लाल शिक्क्यासह घ्यावी. एरवी विम्याचा दावा अडू शकतो.

चौथी गोष्ट पासपोर्टची. सोळा वर्षांवरील परदेशी व्यक्तीने तो सतत जवळ बाळगावा, असा तेथील कायदा आहे. हॉटेलात उतरल्यास पोलिसांकडील नोंद हॉटेल करते. परिचिताच्या घरी उतरल्यास चोवीस तासांत ती आपणच करावयाची असते. पासपोर्ट हरवला तर प्रथम जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी आणि हरवल्याचा दाखला घ्यावा, मग भारतीय वकिलातीतून नवा पासपोर्ट किंवा तात्पुरते प्रवासपत्र मिळवावे, आणि शेवटी चिनी प्रवेश-निर्गमन कार्यालयातून देश सोडण्याचा व्हिसा घ्यावा. यात काही दिवस जातात. त्याच दिवशीचे विमान मिळेल ही आशा ठेवू नये. 12367 या क्रमांकावर तेथील इमिग्रेशन खाते इंग्रजीतूनही माहिती देते. ग्वांगझूला भारताची वकिलात आहे. यीवूचा कारभार मात्र शांघायच्या वकिलातीकडे आहे.

पाचवी गोष्ट व्यापाऱ्यांसाठी सर्वांत महत्त्वाची. आणीबाणी आजाराचीच असते असे नाही. ती उधारीतूनही येते. 2011 च्या डिसेंबरअखेर यीवूमध्ये दोन भारतीय व्यापाऱ्यांना स्थानिक पुरवठादारांनी अडकवून ठेवले. ज्या कंपनीत ते काम करीत होते तिचा मालक देणी बुडवून पळाला होता. त्यांच्या मदतीसाठी गेलेले आपले मधुमेही राजनैतिक अधिकारी न्यायालयातील गोंधळात बेशुद्ध पडले. त्यानंतर आपल्या दूतावासाने भारतीय व्यापाऱ्यांना यीवूपासून दूर राहण्याचा इशारा दिला होता. दिवाणी वाद प्रलंबित असताना न्यायालय परदेशी माणसाला देश सोडण्यास मनाई करू शकते, ही तरतूद चिनी कायद्यात आजही आहे. म्हणून दुसऱ्याच्या देण्याला तोंडी हमी देऊ नये. पासपोर्ट कोणाच्याही हवाली करू नये, कारण तो भारत सरकारची मालमत्ता आहे. वाचता न येणाऱ्या कागदावर सही करू नये. कोणी अडवून धरले तर स्वतः 110 ला फोन करावा आणि वकिलातीला कळवावे. आपल्या वकिलातीला कळवले जावे, हा अटकेतील परदेशी माणसाचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना कराराने मान्य केलेला आहे.

आता आहार आणि व्रताविषयी. चिनी बौद्ध परंपरेतील ‘सू’ म्हणजे शाकाहारी जेवण. कडक बौद्ध आहारात कांदा-लसूणही वर्ज्य असतात, त्यामुळे ही गोष्ट तेथील माणसाला सांगितली तर चटकन समजते. बटाटा, गाजर यांसारखी कंदमुळे मात्र त्यात चालतात. ती नकोत हे वेगळे लिहून दाखवावे लागते. हा मजकूर चिनी लिपीत एका कार्डावर असावा. त्याच कार्डाच्या मागे आजार, औषधांची मूळ नावे, रक्तगट आणि अॅलर्जी लिहावी.

आणि व्रत? आपल्या पच्चक्खाणातच ‘आगार’ सांगितलेले आहेत. आजारात समाधी टिकावी म्हणून ठेवलेली सवलत पूर्वाचार्यांनी विचारपूर्वक ठेवली आहे. मधुमेही साधर्मिकाने निघण्यापूर्वी आपल्या गुरुमहाराजांशी आणि डॉक्टरांशी, दोघांशीही, मोकळेपणाने बोलावे. साखर घसरल्याची शंका येताच, रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर, साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; सरळ 120.

या प्रसंगानंतर आमच्याकडे एक रीत पडली आहे. प्रवासाच्या आदल्या दिवशी सर्व क्रमांक, औषधे, विम्याचा तपशील आणि हॉटेलचा पत्ता एका कागदावर लिहिला जातो. एक प्रत प्रवाशाच्या खिशात, एक सोबत्याकडे आणि एक घरातील माउलीकडे. त्या रात्री खरे निदान तिनेच केले होते, हे विसरता येत नाही.

शेठजी आजही वर्षातून दोनदा ग्वांगझूला जातात. चौविहार त्यांनी सोडलेला नाही. फरक इतकाच की साडेचार वाजले की समोर कितीही मोठा सौदा असो, ते प्रदर्शनातून बाहेर पडतात, सूर्यास्तापूर्वी डबा उघडून जेवतात, आणि गोळी त्यानंतरच घेतात.