लग्नाचा छायाचित्रकार निवडताना

दुबई-शारजात लग्नाची छायाचित्रे काढणारे पुष्कळ मिळतात आणि त्यांचे नमुने डोळे दिपवणारे असतात. मात्र त्यांत होम, सप्तपदी, अक्षता हेच क्षण ठळक दिसतात. आपल्या मंगल परिणयात यांतले काहीच नसते. अग्नीभोवतीच्या फेऱ्यांची वाट पाहत थांबलेल्या छायाचित्रकाराच्या हातून वधू-वरांच्या प्रतिज्ञाच निसटतात, आणि आपला विधी तर पाहता पाहता आटोपतो!

म्हणून आमचा आग्रह असा, की दर विचारण्याआधी त्याला विधीचा क्रम समजावून द्यावा: तथागत व बाबासाहेबांच्या प्रतिमांना पुष्पार्पण, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, आशीर्वाद गाथा. प्रतिज्ञा उच्चारताना दोघांचेही चेहरे टिपायला हवेत, केवळ वधूचे दागिने नव्हेत. शुभ्र वस्त्रे प्रखर प्रकाशात सपाट पांढरी दिसतात. तेव्हा पांढऱ्या साडीतील वधूची त्याने काढलेली छायाचित्रे अवश्य पाहावीत. ऐकता ऐकता जो स्वतःहून प्रश्न विचारतो, त्याला आम्ही पसंती देऊ.

येथील कायद्याचेही भान असावे. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २०२१ च्या ३४ क्रमांकाच्या संघराज्य कायद्यानुसार, एखाद्याचे छायाचित्र त्याच्या संमतीविना काढून वा प्रसिद्ध करून त्याच्या खासगीपणाचा भंग करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी कैद वा दंड होऊ शकतो. पाहुण्यांत कार्यालयातील सहकारी असतात, शेजारच्या स्त्रिया असतात. आपल्या परवानगीवाचून एकही छायाचित्र जाहिरातीसाठी वापरणार नाही, असे छायाचित्रकाराकडून लेखी घ्यावे.

छापील अल्बमच्या दोन प्रती आधीच ठरवाव्यात. त्यातली एक, तिकीट-व्हिसाअभावी न आलेल्या गावाकडच्या आजीसाठी.