सीआय: हिरव्या खुणेमागचे सहा गैरसमज

यवतमाळ जिल्ह्याला अभियांत्रिकी शिक्षण नवे नाही. पुसदचे बाबासाहेब नाईक अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून सुरू आहे आणि यवतमाळात जवाहरलाल दर्डा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इथल्या मुलामुलींनी एखाद्या ओपन सोर्स प्रकल्पाला हातभार लावायचे ठरवले, की लवकरच गाठ पडते ती ‘सीआय’शी, म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशनशी. जिनिंगवर कापसाची गाडी आली की आधी ओलावा मोजतात, कारण ओला कापूस गंजीत मिसळला की वेगळा काढता येत नाही. सीआयचे कामही हेच. नवा कोड मूळ कोडमध्ये मिसळण्याआधी तो आपोआप तपासला जातो, आणि प्रत्येकाचा कोड एकाच मापाने. तरीही या विषयाभोवती बरेच गैरसमज आहेत.

गैरसमज १: सीआयची सेवा जोडली, की सीआय सुरू झाले.

वस्तुस्थिती: सीआय ही आधी कामाची शिस्त आहे, साधन त्यानंतर येते. ग्रेडी बूच यांनी १९९१ मध्ये हा शब्द वापरला. पुढे एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगवाल्यांनी ही पद्धत रुजवली आणि मार्टिन फाउलर यांच्या २००० सालच्या लेखाने ती सर्वदूर पोहोचवली. लहान बदल करायचा, तो लवकर मिसळायचा आणि चाचणी मोडली तर आधी ती दुरुस्त करायची, एवढेच तिचे सार. महिनाभर वेगळ्या ब्रँचवर काम साठवून शेवटी एकदम मर्ज करणाऱ्याकडे साधन कितीही महागडे असले, तरी सीआय नाही.

गैरसमज २: हे मोठ्या शहरांतल्या, मोठ्या कंपन्यांचे काम आहे.

वस्तुस्थिती: चाचण्या चालतात दूरच्या सर्व्हरवर. उमरखेडच्या विद्यार्थिनीकडे जुना लॅपटॉप आणि मोबाइलचा हॉटस्पॉट असला तरी चालते, कारण तिला फक्त बदललेल्या ओळी पाठवायच्या असतात. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर बघा. त्याच्या रिपॉझिटरीत चाचण्यांच्या वर्कफ्लो फायली कुणालाही उघडून वाचता येतात. त्यातली एक चाचणी जुन्या आवृत्तीचा डेटाबेस घेते आणि तो नव्या आवृत्तीत नीट येतो का, हे पाहते. दुकानदाराचा जुना हिशेब नव्या आवृत्तीत बिघडू नये, ही काळजी त्यामागे आहे. पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल स्वीकारण्याची विनंती, कुठून आली, हे ती चाचणी विचारत नाही. लहान गावातून काम करणाऱ्यासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

गैरसमज ३: हिरवी खूण आली, म्हणजे कोड बिनचूक.

वस्तुस्थिती: चाचण्या पास झाल्या की दिसणारी हिरवी खूण एवढेच सांगते, की जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे बरोबर आली. न विचारलेल्या प्रश्नाबद्दल ती काहीच सांगत नाही. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये एकाच चिन्हाने लिहिता येतो, किंवा ‘र’ आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द असतात. म्हणून यादीत नाव असूनही शोधात सापडत नाही. एनएफसी नावाचे नॉर्मलायझेशन केले की हे दोन्ही प्रकार एक होतात. मात्र ‘र’, हलन्त आणि झिरो विड्थ जॉइनर अशी तिसरी रीतही रूढ आहे आणि ती एनएफसीने सुटत नाही. तिच्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो. मराठीसाठी सॉफ्टवेअर बनवत असाल, तर या तिन्ही रूपांची चाचणी घालाच. मराठी न जाणणाऱ्या मेंटेनरला, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याला, ती सुचणार नाही.

गैरसमज ४: ओपन सोर्सला सेवा फुकट मिळते आणि ती कायम मिळणार.

वस्तुस्थिती: २०११ मध्ये सुरू झालेले ट्रॅव्हिस सीआय वर्षानुवर्षे ओपन सोर्स प्रकल्पांचे हक्काचे ठिकाण होते. २०१९ मध्ये आयडेरा कंपनीने ते विकत घेतले, नोव्हेंबर २०२० मध्ये मोफत वापरावर बंधने आली आणि जून २०२१ मध्ये ओपन सोर्ससाठीचा जुना पत्ता बंद झाला. असंख्य प्रकल्पांना बिऱ्हाड हलवावे लागले. ईआरपीनेक्स्टच्या चाचण्याही पूर्वी ट्रॅव्हिसवर चालत, आज त्या गिटहब ॲक्शन्सवर चालतात. म्हणून चाचणी चालवण्याच्या आज्ञा प्रकल्पातल्याच एका स्क्रिप्टमध्ये ठेवा आणि सेवेच्या फाइलमधून फक्त ती स्क्रिप्ट बोलवा. सेवा बदलली तरी काम वाया जात नाही, शिवाय तीच तपासणी घरच्या लॅपटॉपवरही करता येते.

गैरसमज ५: मग स्वतःचा सर्व्हर उभारलेला बरा.

वस्तुस्थिती: स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचे जेनकिन्स हे सीआय सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, पण सांभाळ फुकट होत नाही. अपडेट, प्लगइन, बॅकअप, वीज हे सगळे कुणीतरी रोज पाहावे लागते. दुसरा धोका याहून मोठा. सार्वजनिक प्रकल्पात कुणीही अनोळखी व्यक्ती पुल रिक्वेस्ट पाठवू शकते आणि तिचा कोड तुमच्या यंत्रावर चालू शकतो. त्यामुळे सार्वजनिक रिपॉझिटरीला स्वतःचा रनर, म्हणजे चाचण्या चालवणारे यंत्र, जोडू नये, असे गिटहबचेही सांगणे आहे. पहिल्यांदाच बदल पाठवणाऱ्याची चाचणी मेंटेनरच्या संमतीनेच सुरू व्हावी, ही व्यवस्था २०२१ मध्ये आली, ती रनरवर क्रिप्टो मायनिंग करणाऱ्यांमुळे.

गैरसमज ६: लोकप्रिय ॲक्शन, म्हणजे वर्कफ्लोत जोडायचा इतरांचा तयार कोड, वापरली की चिंता मिटली.

वस्तुस्थिती: मार्च २०२५ मध्ये ‘टीजे-ॲक्शन्स’ची बदललेल्या फायली शोधणारी ॲक्शन कुणीतरी बिघडवली. २३ हजारांहून अधिक रिपॉझिटरी ती वापरत होत्या. पासवर्ड आणि टोकन चाचणीच्या लॉगमध्ये छापले जातील, असा कोड तिच्यात घुसवला होता आणि जुने व्हर्जन टॅगही त्याच कोडकडे वळवले होते. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या सुरक्षित कमिटचा पूर्ण क्रमांक लिहिला होता, ते वाचले. तेव्हा कमिट क्रमांक लिहा, टोकनला गरजेपुरताच अधिकार द्या आणि जी ॲक्शन चार ओळींच्या स्क्रिप्टने टळते, ती घेऊच नका.

निवड करताना सेवेच्या नावापेक्षा प्रकल्पाची गरज पाहा. कोड जिथे आहे तिथलीच सेवा घेणे सुरुवातीला सोयीचे. गिटहबवर सार्वजनिक प्रकल्पांना साधे रनर मोफत आहेत. निकाल दहा मिनिटांत यायला हवा, नाहीतर लोक तो पाहणे सोडून देतात. कधी पास, कधी नापास होणारी चाचणी ‘पुन्हा चालवा’ म्हणून खपवू नका, कारण लाल खुणेची सवय लागली की खरी चूकही त्यात लपते. प्रकल्प थंडावला असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: सार्वजनिक रिपॉझिटरीत ६० दिवस हालचाल नसली, की गिटहब वेळापत्रकावरच्या चाचण्या बंद करते.

या सुट्टीत आपल्या कॉलेज प्रोजेक्टला एकच चाचणी लिहा, ती पास झाल्याशिवाय मुख्य ब्रँचमध्ये मर्ज होणार नाही असा नियम लावा आणि मग दुसरी लिहा. लोक निर्धास्तपणे वापरतील असे मराठी सॉफ्टवेअर यवतमाळ, पुसद, वणीतूनही घडू शकते, आणि त्याची सुरुवात या एका चाचणीपासून होते.