परक्या शहरांतील गायक

पनामा हें नांव आपल्या विद्यार्थ्यांस भूगोलाच्या तासाला भेटतें तें कालव्यामुळें. त्या लहानशा देशाच्या राजधानींत १९४८ सालीं रूबेन ब्लेड्स ह्याचा जन्म झाला. आजोबा सेंट लुशिया बेटावरून आलेले, आई क्यूबाची; तेव्हां परमुलखांत संसार मांडणें ह्या घराला नवें नव्हतें. आई पियानोवर गात असे व वडील तालवाद्यें वाजवीत.

१९६८ सालीं लष्करानें सत्ता बळकावली व पुढें विद्यापीठ बंद पडलें, तेव्हां तो न्यूयॉर्कला गेला. १९७० सालीं तेथें त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. तिची फारशी वाहवा झाली नाहीं. विद्यापीठ उघडल्यावर परत येऊन त्यानें कायद्याचा अभ्यासक्रम पुरा केला. परंतु वडिलांवर लष्करी अधिकाऱ्यांची इतराजी होऊन कुटुंबास देश सोडावा लागला, आणि १९७४ सालीं हा तरुण वकील पुन्हा न्यूयॉर्कला आला तो फानिया नांवाच्या ध्वनिमुद्रिका कंपनींत टपाल वाटण्याच्या कामावर!

ही कंपनी ‘साल्सा’ संगीताची. साल्साचें मूळ क्यूबांतील ‘सोन’ ह्या गानप्रकारांत आहे. पण त्यास आजचें रूप आलें तें न्यूयॉर्कच्या पोर्तोरिकन वस्त्यांत. दोन लांकडी कांड्या एकमेकींवर आपटून पांच आघातांचा एक फेरा धरितात, व सारीं वाद्यें त्या फेऱ्यास बांधलेलीं असतात. हें संगीत नाचासाठीं. शब्दांकडे फारसें कोणी लक्ष देत नसे. ब्लेड्सनें त्यांत गोष्ट आणिली. ट्रोम्बोनवादक विली कोलोन ह्याच्यासह १९७८ सालीं काढलेल्या ‘सिएंब्रा’ (म्हणजे पेरणी) ह्या संग्रहांतील ‘पेद्रो नावाहा’ हें गाणें सात मिनिटांहून अधिक चालतें. त्यांत एक सुरीवाला गुंड, एक गांजलेली स्त्री आणि एक दारुडा एवढींच माणसें. गुंडाचें चरित्र मुलांपुढें ठेवण्याजोगें नव्हे हें मीं कबूल करितों, परंतु शहराची काळी बाजू इतक्या थोडक्यांत क्वचितच कोणीं दाखविली असेल. हा संग्रह अमाप खपला.

मला त्याचें १९८४ सालचें एक गाणें अधिक मोलाचें वाटतें. २४ मार्च १९८० रोजीं सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कार रोमेरो वेदीपाशीं उपासना चालवीत असतां गोळी घालून मारले गेले. गोरगरिबांवरील जुलूम थांबवा, असें त्यांनीं सैनिकांस उघड सांगितलें होतें. (२०१८ सालीं रोमन कॅथॉलिक मंडळीनें त्यांस संतपद दिलें.) ब्लेड्सनें त्या घटनेवरून फादर आंतोनिओ व त्याचा वेदीसेवक आंद्रेस ह्यांचें गाणें रचिलें. आंद्रेस दहा वर्षांचा. विश्वासांगीकारांत चुकणारा, नदीवर रमणारा, चेंडू दिसला कीं शाळा विसरणारा. असा एकेक मुलगा आमच्या प्रत्येक इयत्तेंत आहे. म्हणूनच दोघेही वेदीपाशीं पडतात तेव्हां ऐकणाऱ्याच्या पोटांत कालवतें. आणि हें सारें नाचाच्या तालावर!

हें गाणें निघालें त्याच सुमारास कीर्ति पायाशीं असतां तो हार्वर्ड विद्यापीठांत पुन्हा विद्यार्थ्याच्या बाकावर बसला, व १९८५ सालीं कायद्याची वरची पदवी मिळविली. १९९४ सालीं पनामाच्या अध्यक्षपदासाठीं तो उभा राहिला. त्याच्या पक्षाचें नांव तेथील एंबेरा आदिवासींच्या भाषेंत ‘धरणीमाता’ असें होतें. तो तिसरा आला. पुढें २००४ ते २००९ पर्यंत तो त्याच देशाचा पर्यटनमंत्री होता, आणि मुदत संपल्यावर जुन्या साथीदारांस घेऊन पुन्हा गावयास निघाला.