ओळ आणि परिच्छेद

मोडी लिपीत लिहिणारा कारकून प्रथम कागदावर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्या रेघांखाली अक्षरे लिहीत जाई. एक शब्द कोठे संपला व दुसरा कोठे सुरू झाला, हे तो दाखवीत नसे. असा कागद वाचणे हे जाणत्याचेच काम असे. पुढे छापखाने आले. मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे श्रेय मेजर थॉमस कँडी (१८०४–१८७७) यांना दिले जाते. शब्द सुटे झाले, वाक्यांना विसावा मिळाला, मजकूर परिच्छेदांत विभागला गेला आणि वाचन सुलभ झाले.

आज अशी मांडणी संगणकावर करता येते. त्यासाठी एक भेद मात्र ध्यानात ठेवावा लागतो. ओळ कागदाच्या रुंदीने ठरते. परिच्छेद विचाराने ठरतो. म्हणूनच ओळ भरताच पुढची ओळ संगणक आपण होऊन सुरू करतो. विचार कोठे संपला, हे मात्र त्याला कळत नाही. ते लिहिणाऱ्याने ‘एंटर’ ही कळ दाबून सांगावयाचे असते.

समजा, शाळेजवळच्या विहिरीला कठडा नाही आणि तो बांधून मिळावा, असा अर्ज विद्यार्थ्यांनी ग्रामपंचायतीसाठी लिहिला. प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांनी ‘एंटर’ दाबले. वृद्ध सरपंचांना वाचता यावे म्हणून मग अक्षर मोठे केले. त्याबरोबर प्रत्येक ओळीचे शेवटचे एकदोन शब्द खाली घसरले. एक ओळ पूर्ण, तर दुसरीत नुसता ‘कठडा’! साऱ्या मजकुराला संगणकाने पंधरा तुटके परिच्छेद मानले. मुख्य मागणी त्या गर्दीत हरवली.

तोच अर्ज तीन परिच्छेदांत लिहिला असता, तर पहिल्यात विहिरीची स्थिती, दुसऱ्यात मुलांना असलेला धोका आणि तिसऱ्यात मागणी आली असती. अक्षर कितीही मोठे केले, तरी ही रचना ढळली नसती.

दोन ओळींमधील अंतरालाही महत्त्व आहे. देवनागरीत वेलांटी व मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, तर उकार अक्षराखाली येतात. ओळी फार जवळ आल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. म्हणून ओळींत पुरेसे अंतर ठेवावे आणि दोन परिच्छेदांत त्याहून थोडे अधिक. शीर्षक मध्यभागी शोभते. मजकूर मात्र डावीकडून सरळ सुरू व्हावा. त्याच्या दोन्ही कडा समान करता येतात. परंतु अरुंद कागदावर तसे केल्यास शब्दांमध्ये मोठी भगदाडे पडतात. कवितेची गोष्ट निराळी. तेथे ओळ कवीने ठरविलेली असते; म्हणून ‘शिफ्ट’ ही कळ धरून ‘एंटर’ दाबावे. ओळ बदलते, परिच्छेद तोच राहतो.

नीटनेटकी मांडणी म्हणजे केवळ सजावट नव्हे. आपले म्हणणे वाचकाच्या मनापर्यंत विनासायास पोहोचावे, यासाठी लिहिणाऱ्याने बांधलेली ती वाट होय.