स्टेशनाची पेठ

वेरूळची लेणी पाहायला मनमाडकडून रेल्वेने निघालेल्या मंडळींच्या वाटेवर लासूर लागते. गाडी थांबलीच तर कोणी तरी खिडकीशी बसलेल्याला विचारतो, "कोणते हो हे?" तो पिवळी पाटी वाचून "लासूर" म्हणतो आणि दोघे पुन्हा फराळाचा डबा उघडतात. यात त्यांचा काही दोष नाही. पुढे दौलताबादचा किल्ला आहे, वेरूळचे कैलास आहे. लासूर स्टेशनात पाहायचे काय? एक रस्ता, दोन्ही अंगांना दुकाने, मागे गोदामे! पण त्या रस्त्यावरच्या एका घरात माझे लहानपण गेले, आणि ते घर पाडण्याच्या कागदावर सही करायला गेल्या उन्हाळ्यात मी तिकडे गेलो होतो. तेवढ्याच अधिकारावर वाचकांना घटकाभर तिथे उतरवून घेतो.

आधी एक खुलासा केला पाहिजे. लासुरे दोन आहेत. एक शिवना नदीकाठचे जुने गाव, दाक्षायणी देवीचे. दुसरे स्टेशनाचे. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेची मीटरगेज लाईन सिकंदराबादहून मनमाडपर्यंत १९०१ सालापर्यंत पुरी झाली आणि तिच्या कडेला ही पेठ वसली. जुन्या गावाच्या बोळांतून चालताना कळते, की इथे आधी घरे झाली आणि उरलेल्या जागेतून माणसे जाऊ लागली. पेठेचे उलटे. इथे आधी रस्ता, मग घरे. आणि रस्त्याचे माप घेतले ते माणसाचे नव्हे, बैलगाडीचे! कापसाची भरलेली गाडी वजनाला हलकी, पण दिसायला डोंगर. दोन्ही बाजूंनी फुगलेली. अशा दोन गाड्या समोरासमोर आल्या तर गाडीवानांची भांडणे होऊ नयेत एवढी रुंदी पेठेला आहे. भांडणे तरीही होत, पण ती भावावरून.

आमच्या घराचा ओटा कमरेएवढा उंच होता. लहानपणी आम्हांला तो चढता येत नसे, आणि म्हाताऱ्या माणसांना तर मोठाच जाच. मी एकदा आजोबांना विचारले, "हा बांधणाऱ्याला माणसे दिसली नाहीत का?" ते म्हणाले, "अरे, तो माणसांसाठी नाहीच. गाडी पाठीमागे सारून लावली की तिचे तळ ओट्याला लागते. पोते उचलायचे नाही, नुसते ओढायचे." पुढे फलाटाशेजारचा मालधक्का पाहिला, तेव्हा तोही डब्याच्या उंचीचाच असल्याचे माझ्या ध्यानात आले. म्हणजे आमचा ओटा हा मालधक्क्याचा धाकटा भाऊच.

भिंती काळ्या दगडाच्या आणि वर धाबे. पुण्या-मुंबईच्या वाचकांना धाबे म्हटले की ट्रकवाल्यांचे जेवण आठवेल, म्हणून सांगतो. सागवानी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर कडुनिंबाचा पाला म्हणजे वाळवी दूर राहते, आणि सगळ्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, चोपून चोपून बसवलेला. उन्हाळ्यात खाली गारवा. मात्र दर वर्षी मृगाआधी नवी माती चढवावी लागे. ज्या वर्षी आळस केला त्या वर्षी घरातली यच्चयावत पातेली गळतीखाली बसत आणि आई रात्रभर ती रिकामी करी. जुन्या घरांची वर्णने करणारे लेखक या पातेल्यांचा उल्लेख सहसा करीत नाहीत.

पण आमच्या घराचे खरे वैभव म्हणजे दुकानाच्या फळ्या. शटर तेव्हा नव्हते. उंबऱ्यात आणि वरच्या चौकटीत खाच, तिच्यात एकेक फळी सरकवायची आणि शेवटच्या फळीला कडी-कुलूप. अशा सतरा फळ्या. प्रत्येकीची रुंदी केसभर वेगळी, म्हणून सुताराने त्यांवर आकडे कोरले होते, तेही उर्दूत! मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. कचेरीची भाषा उर्दू, शाळाही उर्दू. त्यामुळे आमचे दुकान उजवीकडून डावीकडे बंद होत असे. नवा नोकर पहिल्या दिवशी हमखास डावीकडून सुरुवात करी आणि शेवटची फळी हातात घेऊन घामाघूम उभा राही. मी स्वतः एक ते सतरा हे आकडे उर्दूत आधी शिकलो, मराठीत मागाहून. आज मराठीचा प्राध्यापक म्हणून मिरवणाऱ्या माणसाने हे सांगावे की नाही, कोण जाणे!

आजोबांच्या चोपड्यांत रुपयेही दोन जातींचे होते, 'हाली' आणि 'कलदार'. हाली निजामाचा, कलदार इंग्रजांचा. मनमाड इंग्रजी मुलखात, त्यामुळे तिकडे गेलेल्या मालाचा हिशेब कलदारात. मनमाडला मुंबईकडची मोठी लाईन होती. आमची रूळांत एक मीटर रुंद, तिची साडेपाच फूट. एका लाईनीचा डबा दुसरीवर जायचा नाही. म्हणून लासुराहून चढलेली गाठ मनमाडला हमालांच्या पाठीवरून डबा बदली. १९९० नंतरच्या काही वर्षांत आमच्याही लाईनीला रुंद रूळ आले आणि हा खटाटोप संपला. पण तोवर ट्रक थेट जिनिंगच्या दारात येऊन मालधक्क्याचा रुबाब ओसरला होता. ट्रकाचे तळ उंच. आमचा ओटा एकाएकी ठेंगणा ठरला.

इंग्लंडात डब्ल्यू. जी. हॉस्किन्स नावाच्या गृहस्थांनी १९५५ साली एक पुस्तक लिहून लोकांना शेतांची कुंपणे आणि गल्ल्यांची वळणे वाचायला शिकवले. त्यांच्याकडे एवढ्या तेवढ्या खेड्याच्या रस्त्याचाही इतिहास लिहिणारी हौशी माणसे निघतात. आमच्याकडे देवळाचा शिलालेख वाचायला माणूस मिळतो. ओट्याची उंची मोजायला कोण येणार? हे सारे भाषण मी चुलतभावाला ऐकवले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "दादा, तुला हे घर आठवायला पाहिजे. मला राहायला पाहिजे."

यावर काय बोलणार? मृगाची माती चढवायला मी एकदाही आलो नव्हतो. चोपणारे गडी आता मिळत नाहीत, तुळईला वाळवी लागली आहे. समृद्धी महामार्ग आमच्या गंगापूर तालुक्यातून गेल्यापासून जागेची बोलणी वाढली आहेत. खाली चार गाळे, वर राहायला दोन खोल्या, असा नकाशा त्याने काढून आणला होता. मी सही केली. एवढेच म्हणालो, की फळ्या मला दे.

त्या माडीवर रचून ठेवल्या होत्या. आम्ही दोघांनी त्या अंगणात ओळीने मांडल्या, अर्थात उजवीकडून. भरल्या सोळा. नवव्या आकड्याची फळी नव्हती. माळा शोधला, गोठा शोधला. शेवटी वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ती होय? ती समोरच्या हॉटेलवाल्याने नेली, पावसाळ्यात. भाऊजी, किती वर्षे झाली त्याला!"

संध्याकाळी मी समोर गेलो. हॉटेलापुढे गटार आहे आणि तिच्यावर फळी टाकलेली. आकडा झिजून गेला होता, पण बोटाने चाचपल्यावर लागला. मी वाकून चाचपत असतानाच कांद्याचा लिलाव आटोपून आलेले दोघे शेतकरी मागे येऊन थांबले.

"काही पडलंय का गुरुजी?" एकाने विचारले.

"नाही, नाही," म्हणून मी बाजूला झालो. ते फळीवरून आत गेले. त्यांच्या मागोमाग मीही गेलो आणि एक चहा सांगितला.