नदीकाठी नसलेले नदीचे शहर : गोंदिया

गोंदिया स्टेशनावर उतरणाऱ्याला नदी कुठेच दिसत नाही. दिसतात त्या भातगिरण्यांच्या चिमण्या, धानाच्या पोत्यांनी लादलेले ट्रक आणि चार दिशांना फुटलेले रूळ. तरीही हे शहर नदीचेच आहे. मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावणारी वैनगंगा बालाघाट ओलांडून गोंदिया जिल्ह्याच्या सीमेला येते, बाघ नदीला पोटात घेते आणि पुढे भंडाऱ्याकडे वळते. शहराजवळून वाहणारी छोटी पांगोलीही शेवटी बाघेलाच मिळते.

नदी असूनही शहर तिच्या काठाला का बसले नाही? ब्राझीलमधल्या साओ फ्रान्सिस्को नदीवरच्या पिरापोराशी ताडून पाहिले की उत्तर सापडते. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभी लोहमार्ग नदीला शोधत आला, कारण पिरापोरापासून जुआझेइरोपर्यंत सुमारे 1,370 किलोमीटर नदीतून आगबोटी चालत. आपल्याकडेही इंग्रजांनी असे स्वप्न पाहिले होते. गोदावरी, प्राणहिता, वर्धा या नद्यांतून वऱ्हाडचा कापूस समुद्राकडे न्यायची योजना त्यांनी 1860 नंतर हाती घेतली. पण पात्रातले खडक आणि उन्हाळ्यात आटणारे पाणी यांनी दाद दिली नाही. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि 1871 मध्ये जलमार्गाचा नाद सोडण्यात आला. मग या मुलखातली शहरे घाटांवर उभी राहिली नाहीत, फलाटांभोवती उभी राहिली.

छत्तीसगडचे धान्य बाहेर काढण्यासाठी नागपूर ते राजनांदगाव मीटरगेज मार्ग टाकला गेला आणि 1882 पर्यंत तो पुरा झाला. 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रुंद केला आणि पुढे कोलकात्याच्या दिशेने नेला. गोंदियाचे नशीब मात्र छोट्या गाडीने उघडले. 1903 ते 1905 या काळात इथून बालाघाट, नैनपूरमार्गे सातपुडा चढून जबलपूरला जाणारा अडीच फुटी मार्ग सुरू झाला. काही वर्षांत दक्षिणेला नागभीड, चांद्याकडेही तशीच लाइन गेली. छोट्या गाडीतला माल मोठ्या गाडीत चढवायचा तर तो इथेच उतरवावा लागे. जिथे माल थांबतो तिथे हमाल, अडत्या, गोदाम आणि सावकार जमतात. गोंदियाची बाजारपेठ या थांब्यावर वाढली. आज दोन्ही मार्ग ब्रॉडगेज झाले आहेत. माल उतरवायची सक्ती संपली, पण बाजार टिकून आहे.

थांबलेल्या मालात दोन जिन्नस महत्त्वाचे. पहिला तेंदूपत्ता. ऐन उन्हाळ्यात जंगलालगतच्या गावांत फड लागतात, पानांचे पुडके बांधले जातात. गुजरातेतून आलेल्या पटेल कुटुंबांनी या पानावर बिडीचा धंदा उभारला. बिडी वळणारे हात मात्र इथलेच होते, बहुतेक घरबसल्या काम करणाऱ्या बायकांचे. बिडी उद्योजक मनोहरभाई पटेल यांनी 1958 मध्ये गोंदिया शिक्षण संस्था काढली आणि धंद्यातला पैसा शाळा-कॉलेजांकडे वळला.

दुसरा जिन्नस धान. पावसाळ्यात पऱ्हे म्हणजे भाताची रोपे उपटून चिखल केलेल्या बांधीत रोवणी करायची, दिवाळीच्या आसपास कापणी. पाण्याची सोय असेल तर वर उन्हाळी धान. मार्केटिंग फेडरेशन आणि आदिवासी विकास महामंडळ हमीभावाने धान घेतात आणि भरडाईसाठी गिरणीवाल्यांना देतात. शंभर किलो धानामागे साधारण सदुसष्ट किलो तांदूळ परत द्यायचा, हा सरकारी हिशेब. भरडताना कोंडा, तूस आणि कनकी निघते. कोंड्याचे तेल होते, तूस बॉयलरमध्ये जळते. गिरणीत काहीच वाया जात नाही. तुसापासूनही पैसा होतो. धान विकून मोकळ्या झालेल्या शेतकऱ्याचा मात्र त्यात वाटा नसतो.

या धानाचे पाणी रेल्वेपेक्षा जुने आहे. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची साखळी जिल्हाभर पसरली आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांच्या नावाने ओळखला जातो. मालगुजारी ही जमीनदारी पद्धत 1951 मध्ये संपली, तलाव सरकारकडे गेले आणि ‘मामा तलाव’ म्हणजे माजी मालगुजारी तलाव झाले. मालक बदलला आणि गाळ उपसणारे आणि पाळ सांभाळणारे गावचे हात सुटत गेले. पुढे गाढवी नदीवर इटियाडोह धरण झाले, बाघ नदीवर दोन राज्यांचा संयुक्त प्रकल्प आला. तिरोड्याचे 3,300 मेगावॉटचे वीजकेंद्रही वैनगंगेचेच पाणी पिते. धानाच्या याच पाणथळ बांध्यांत राज्यातले उरलेसुरले सारस घरटी करतात.

भंडाऱ्यातून वेगळा होऊन गोंदिया जिल्हा झाला तो 1 मे 1999 ला. पण नदी जिल्ह्याच्या रेषा मानत नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात कोसळलेल्या पावसाने वैनगंगेला महापूर आला आणि काठची गावे पाण्यात गेली. नदीच्या वरच्या टप्प्यातल्या धरणाची दारे किती आणि कधी उघडायची हा निर्णय शेजारच्या राज्यात होतो. त्याचे परिणाम इथे भोगावे लागतात.

गोंदियाने शंभर वर्षे रुळांकडे तोंड करून भरभराट साधली. पुढची शंभर वर्षे पाण्याकडे तोंड केल्याशिवाय निभणार नाहीत. मामा तलावांचा गाळ आणि पाळ गावांच्या हाती द्यावी, पांगोलीत जाणारे सांडपाणी आधी शुद्ध करावे, पुराची सूचना दोन राज्यांत वेळेत फिरावी. या तीन गोष्टींना नव्या धरणाइतका पैसा लागत नाही. लागते ती नगरपालिकेपासून मंत्रालयापर्यंतची इच्छाशक्ती, आणि ती मागायची जबाबदारी गोंदियाकरांची आहे.